हैदराबादसारखी मोटर शर्यत मराठवाड्यातील एखाद्या शहराच्या रस्त्यावर होऊ शकेल का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: हैदराबादची फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाड्यांची, शर्यत प्रत्यक्ष पाहताना कशी वाटली, आणि छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या रस्त्यावर तशी शर्यत होऊ शकेल का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. रस्ते आज जसे आहेत तसे असताना होऊ शकणार नाही, आणि त्याचे कारण पैसा किंवा प्रेक्षक हे नसून रस्त्यातील चेंबर, म्हणजे गटारात उतरण्यासाठी ठेवलेली झाकणाची तोंडे, हे आहे. मी मराठवाड्यातील एका नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता होतो. नोकरीतील बराच काळ डांबर आणि चेंबर यांच्यामध्येच गेला.

शर्यत ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी, सचिवालय आणि लुंबिनी पार्कच्या बाजूने आखलेल्या सुमारे २.८ किलोमीटरच्या मार्गावर झाली. पुतण्याने तिकिटे काढली होती. तो, मी आणि आमचे साडू असे तिघे नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसने गेलो. जाँ-एरिक व्हर्न पहिला आला, निक कॅसिडी शेवटपर्यंत त्याच्या पाठीला लागून होता, आणि जॅग्वार संघाच्या दोन्ही गाड्या एकमेकींवर आदळून बाद झाल्या. इंजिनाची गर्जना नसल्यामुळे टायरांचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, हे मला विशेष आवडले. पुतण्याला तेच आवडले नाही. शर्यतीचे याहून अधिक वर्णन मी करू शकत नाही, कारण उरलेला सर्व वेळ साडूंशी वाद घालण्यात गेला.

साडू रस्त्यांची कंत्राटे घेतात. गाड्या समोरून जाऊ लागताच ते म्हणाले, "आपल्या गावातल्या रस्त्यावरून दहा-दहा टनांचे ट्रक जातात, तिथे या खेळण्यांचे काय?" हा वाद आमच्यात मी नोकरीत असल्यापासूनचा आहे. रस्त्यातील चेंबरचे झाकण खडखडू लागले की कंत्राटदार झाकणाला दोष देतो, वरिष्ठ अधिकारीही झाकणालाच दोष देतात, आणि नव्या झाकणाचे बिल निघते. वास्तविक दोष बहुधा झाकणाखालच्या चौकटीभोवती भरलेल्या काँक्रीटचा, म्हणजे कॉलरचा, असतो. चौकट अर्ध्या विटांवर टेकवायची, भोवती पातळ माल ओतायचा, एक दिवसही पाणी न मारता वरून कार्पेट, म्हणजे डांबराचा पातळ थर, ओढायचे आणि संध्याकाळी रस्ता खुला करायचा, ही आमच्याकडची रीत. अशा कॉलरवर पहारीचे टोक आपटले तर आवाज बद्द येतो आणि कडेची वाळू हाताला लागते. मी हे मोजमाप पुस्तिकेत लिहीत असे. त्यावरून साडूंचे एक बिल अडले होते आणि त्या वर्षीच्या दिवाळीत आमचे बोलणे बंद होते.

ट्रकचे उदाहरण मुळातच चुकीचे आहे. ट्रक झाकणाला खाली दाबतो. शर्यतीची गाडी त्याला वर ओढते. तिचा तळ रस्त्यापासून जेमतेम काही सेंटिमीटरवर असतो, त्याखालून हवा प्रचंड वेगाने धावते आणि तिचा दाब घटतो. त्यामुळे गाडी रस्त्याला चिकटून राहते, पण त्याच ओढीने सैल झाकण उचलले जाते. २०१६ मध्ये मोनॅकोत जेन्सन बटनच्या आणि २०१९ मध्ये बाकूत जॉर्ज रसेलच्या गाडीचे नुकसान गटाराच्या झाकणानेच केले होते. हे मी हैदराबादला स्टँडमध्ये बसूनच सांगितले होते. साडू हसले.

हैदराबादच्याच वर्षी, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, लास व्हेगासच्या नव्या, ६.२ किलोमीटरच्या मार्गावर फॉर्म्युला वनचा पहिला सराव सुरू झाला आणि दहा मिनिटेही झाली नव्हती तोच कार्लोस साईंझच्या फेरारीचा तळ फाटला. तपासात आढळले ते असे की झाकणाभोवतीची काँक्रीटची चौकट निकामी झाली होती. सराव थांबला, सर्व झाकणे तपासून पुढचा सराव पहाटे अडीचला सुरू झाला आणि तोवर प्रेक्षकांना बाहेर काढलेले होते. बिचाऱ्या साईंझला नवी बॅटरी बसवावी लागली म्हणून शर्यत दहा स्थाने मागून सुरू करण्याची शिक्षाही झाली. अशा शर्यतींसाठी झाकणे वेल्डिंग करून पक्की करतात. परंतु चौकटीखालचा पायाच कच्चा असेल तर वेल्डिंग केलेले झाकण चौकटीसकट वर येईल. मी ती बातमी साडूंना पाठवली. त्यांचे उत्तर आले, "म्हणजे अमेरिकेतही आपलेच भाऊबंद आहेत."

तेव्हा आपल्या शहरात शर्यत व्हावी असे वाटत असेल, तर प्रायोजक शोधण्याआधी घरासमोरच्या रस्त्याचे काम चालू असताना कॉलर भरताना उभे राहावे, त्यावर सात दिवस पाणी मारले जाते की नाही ते पाहावे, आणि नगरसेवकाला झाकणाबद्दल नव्हे तर चौकटीबद्दल विचारावे.

फॉर्म्युला ईच्या गाड्यांची ही ओढ फॉर्म्युला वनच्या मानाने बरीच कमी असते, हे येथे नमूद केले पाहिजे. तसेच केवळ रस्ता चांगला असून भागत नाही. हैदराबादची दुसरी शर्यत फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरली होती. राज्यात सरकार बदलले आणि जानेवारीत ती रद्द झाली. ही बातमी मात्र साडूंनी मला तत्परतेने पाठवली, जणू शर्यत रद्द झाल्यामुळे त्यांची कॉलर मजबूत ठरते.