डीबीएसनंतर पेशंट बरळतो तेव्हा

डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) म्हणजे कंपवातासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवून यंत्रानं सौम्य करंट देणं. या ऑपरेशननंतर पुढच्या दोन-चार दिवसांत काही पेशंट बरळू लागतात. वय जास्त असेल किंवा स्मरणशक्ती आधीच उतरली असेल, तर शक्यता अधिक. मग घरात ‘वात झाला’पासून ‘बाधा’पर्यंत सगळं बोललं जातं.

वडील (७२) रात्री भिंतीवर मुंग्या दाखवतात, सकाळी ठीक असतात. वेड लागलं का? (इंदिरानगर)

नाही. हा डिलिरियम, म्हणजे मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ; असा चढउतार हीच त्याची खूण. शनिवारपासून वार उलटे म्हणायला सांगा. दोन-तीन वारांतच अडखळले, तर सर्जनना आजच कळवा.

करंट जास्त झाला असेल का? (सिन्नर)

यंत्र सुरू केलंय का, ते आधी फाईलमध्ये बघा. बऱ्याच ठिकाणी ते काही आठवड्यांनी सुरू करतात; बंदच असेल तर करंटचा प्रश्नच नाही.

ऑपरेशन मुंबईला झालं. घरी आल्यावर आई रात्री डोक्याची पट्टी ओढते. जवळच्या दवाखान्यात शांत होण्याचं इंजेक्शन द्यावं का? (नाशिकरोड)

थांबा. अशा वेळी सर्रास टोचलं जाणारं हॅलोपेरिडॉल आणि उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, दोन्ही डोपामाइनची (कंपवातात मेंदूत कमी पडणाऱ्या रसायनाची) वाट अडवतात. कंपवाताचा पेशंट त्यानं लाकडासारखा ताठतो, गिळणं अवघड होतं. ही दोन नावं फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहा, रात्रपाळीच्या डॉक्टरांना आधी तेच पान दाखवा. औषध लागलंच तर सहसा अगदी कमी मात्रेत क्वेटियापिन देतात, तेही न्यूरॉलॉजिस्टनं ठरवून.

त्याआधी कारण शोधायला हवं. लघवी तुंबली आहे का? पोट कधी साफ झालं? रक्तातलं सोडियम तपासलं? दुखण्यावर ट्रॅमाडॉल किंवा थरथरीवर ट्रायहेक्सीफेनिडिल चालू आहे का? लेव्होडोपाचा (कंपवाताच्या मुख्य गोळीचा) डोस चुकला का? ती गोळी एकाएकी बंद पडून ताप, ताठरपणा आणि गोंधळ एकत्र आले, तर ती आणीबाणी. एक बाजू लुळी पडली, फिट आली किंवा पेशंट जागाच होईना, तर सीटी स्कॅन. सकाळची वाट बघू नका. एमआरआय मात्र यंत्राचं कार्ड दाखवल्याशिवाय नको.

बाबा काही त्रास देत नाहीत, नुसते झोपून असतात. (ओझर)

गप्प डिलिरियमही असतो, आणि नेमका तोच नजरेतून सुटतो. दाखवून घ्या.

कवचबीज पावडर ‘साइड इफेक्ट नाही’ म्हणून विकतात. (पंचवटी)

कवचबीजात लेव्होडोपाच असतो. म्हणजे गोळीवर गोळी, तीही न मोजता, भास वाढणारच. डबी घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा, किती दिवस घेतली तेही सांगा.

हरवेल म्हणून चष्मा आणि कानाचं यंत्र कपाटात ठेवलंय. चालेल ना? (सिडको)

नाही. आत्ताच लावा.