जुन्या बीअर केगपासून घरी बीअर बनवायची भांडी कशी करायची? वेल्डिंग येत नाही.

होईल की. वेल्डिंग न येता पण होतं, मला आजही येत नाही. तुम्ही लिहिलंय की ५० लिटरचे दोन रिकामे स्टीलचे केग (बीअरची पिंपं) मिळालेत, ग्राइंडर आणि ड्रिल घरात आहे, आणि दोन्हीची तोंडं कापून एकात मॅश करायचा, म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजत ठेवायचं, आणि एकात ते पाणी उकळायचं असा बेत आहे. यातला अर्धाच बेत मला पटला. एक केग कापा, दुसऱ्याला ग्राइंडर लावू नका. का ते पुढे येईलच.

आधी एक कंटाळवाणी गोष्ट उरकून घेतो. केग आले कुठून? बहुतेक केगवर ब्रुअरीचं नाव ठोकलेलं असतं आणि तो त्यांच्याच मालकीचा राहतो, डिपॉझिट भरलं म्हणजे विकत घेतला असं होत नाही, भंगारात मिळाला तरी तेच. ब्रुअरीवाले पोचे आलेले, गळके केग बाद करतात, तसले त्यांच्याकडून लिहून घेऊन विकत घ्यायचे, म्हणजे पुढे कटकट नाही. आणि घरी बीअर बनवायला तुमच्याकडे परवानगी आहे का, किती लिटरपर्यंत, तेही बघून घ्या, हे देशागणिक बदलतं. अमेरिकेसारख्या ठिकाणी सुद्धा केंद्राच्या पातळीवर १९७८ साली कायदा झाला आणि १९७९ पासून लागू झाला, त्याआधी घरी बनवलेली बीअर बेकायदाच होती.

आता खरी गोष्ट. बीअर संपली म्हणजे केग रिकामा झाला असं समजू नका, आत कार्बन डायऑक्साइड दाबाखाली असतो. केगच्या तोंडातून तळापर्यंत एक नळी जाते आणि तिच्या डोक्यावर स्प्रिंगचा वॉल्व्ह असतो, याला सगळे स्पिअर म्हणतात. तोंड साधारण ५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे जवळपास २० चौरस सेंटिमीटर. आत फक्त १ बार (चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो) दाब असला तरी त्या स्पिअरला खालून २० किलोचा रेटा असतो, आणि केग उन्हात पडलेला असेल, तळाशी थोडी बीअर उरलेली असेल, तर दाब त्याच्या दुप्पट-तिप्पट पण असू शकतो. अशा वेळी स्पिअरला धरून ठेवणारी वरची रिंग काढली तर ती नळी बंदुकीच्या गोळीसारखी बाहेर येते आणि तुम्ही नेमके तोंड खाली घालून बघत असता. लोक यात जखमी झालेत, मेलेत पण. म्हणून केग उभा ठेवा, वर जाड फडकं टाका, लाकडी दांडीने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने वॉल्व्ह आत दाबा, फुस्स आवाज पूर्ण थांबेपर्यंत दाबून ठेवा. थांबला की सोडा, दोन मिनिटं थांबा, परत दाबा. दुसऱ्यांदा काहीच आलं नाही तरच पुढे जायचं. आणि या सगळ्यात डोकं केगच्या वर आणायचंच नाही, बाजूला उभं राहायचं.

त्यानंतर स्पिअर कसा निघतो ते केगच्या प्रकारावर आहे. काहींमध्ये तोंडाच्या आतल्या खाचेत गोल वळलेली पट्टीची रिंग असते, तिचं टोक बारीक स्क्रू ड्रायव्हरने उचकटून फिरवत फिरवत बाहेर काढायची आणि मग स्पिअर थोडा डावीकडे फिरवला की सुटतो. काहींमध्ये स्पिअर आट्यांवर बसवलेला असतो, त्याला वेगळा पाना लागतो, आणि त्यातल्या बऱ्याचशांत एक अडकण असते म्हणजे स्पिअर थोडा वर येऊन थांबतो, एकदम उडत नाही. ती अडकण त्रास द्यायला नाही, तुम्हाला वाचवायला आहे, तेव्हा शिव्या न घालता आत ढकलून सोडवा. काढलेला स्पिअर, रिंग, रबराचं सील, काहीही फेकू नका.

आणि हो, केग खरंच स्टीलचाच आहे ना? ॲल्युमिनियमचे पण असतात. लोहचुंबकाने कळणार नाही कारण केगचं स्टील बहुतेक ३०४ ग्रेडचं असतं आणि त्यालाही चुंबक धड चिकटत नाही. वजनाने आणि रंगाने कळतं, ॲल्युमिनियम हलका आणि मळकट राखाडी. तसला असेल, किंवा बाहेरून रबराचं आवरण असलेला असेल तर उकळायच्या कामाला घेऊ नका.

कापायच्या आधी झाकण घ्या. हे मी ओरडून सांगतोय कारण मी उलटं केलं. पहिल्या केगला मी झोकात ३१ सेंटिमीटरचा गोल कापला आणि मग झाकण शोधायला निघालो तर मिळालं ३० चं, ते सरळ आत पडलं. तुमच्याकडे ३० चं झाकण असेल तर गोल २९ चा कापा. शिवाय केगच्या वरचं जे कडं असतं, ज्यात हात घालायच्या खाचा असतात, त्याला ग्राइंडरचं डोकं अडतं, त्यामुळे फार मोठा गोल काढायला गेलात तर डिस्क सरळ बसतच नाही, आधी बंद ग्राइंडर ठेवून फिरवून बघा. मधल्या तोंडाला केंद्र धरून दोरी आणि मार्करने गोल आखायचा. १ मिलिमीटरची स्टीलसाठीची पातळ डिस्क वापरा, तीन-चार जवळ ठेवा कारण झिजतात पटापट, आणि एका दमात आरपार कापू नका, आधी पूर्ण गोलावर नुसता चरा पाडून घ्या, मग त्याच चऱ्यात दुसरी फेरी, मग तिसरी. पत्रा दीड-दोन मिलिमीटरचाच असतो, घाई केली की डिस्क अडकून ग्राइंडर हातातून उसळतो. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, नुसता चष्मा पुरत नाही. कापलेली कड ब्लेडसारखी असते, कानस आणि मग फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पट्ट्यांची) मारून, वरून आणि खालून दोन्हीकडून, बोट फिरवलं तरी काही होणार नाही इतकी गुळगुळीत करा, हात रोज आत घालायचाय धुवायला.

दुसरी चूक. डिस्क मी घरात पडलेली जुनी वापरली जिने आधी साधं लोखंड कापलेलं होतं. आठवड्याने कडेला आणि आत तळाशी तांबडे ठिपके. मला वाटलं फसवलं, स्टील नकली आहे, पण तसं काही नसतं, लोखंडाचा भुगा स्टीलमध्ये रुतून बसतो आणि तो गंजतो. ऑक्झॅलिक ॲसिडवाली स्टील घासायची पावडर मिळते, तिने घासून ठिपके गेले, पण दोन संध्याकाळी गेल्या. नवीन डिस्क, आणि घासायला स्टीलचाच ब्रश, एवढं पाळलं तर हा उद्योग वाचेल. क्लोरीनचं ब्लीच मात्र स्टीलला कधीच लावू नका, बारीक बारीक खड्डे पडतात आणि ते परत भरत नाहीत.

आता वॉल्व्ह, इथेच वेल्डिंगचा प्रश्न येतो ना. वेल्डिंगशिवायचं फिटिंग मिळतं, अर्ध्या इंची आट्यांचा पाइप, आतून-बाहेरून नट, स्टीलचे वायसर आणि सिलिकॉनची ओ-रिंग. अर्ध्या इंची पाइप प्रत्यक्षात बाहेरून २१ मिलिमीटरच्या थोडा वर भरतो त्यामुळे भोक साधारण २२ चं लागतं, नावावर जाऊन अर्ध्या इंचाचं पाडाल तर काहीच शिरणार नाही. मध्यावर ठोकून खूण करा, आधी ३-४ मिलिमीटरचं बारीक भोक, मग पायऱ्यांचा स्टेप बिट. ड्रिल एकदम हळू, दाब जोरात, तेल सोडत राहायचं. वेगाने नुसतं घासत बसलं की त्या घासण्याने स्टील आणखी कडक होतं, तापतं आणि मग बिट जळतो, भोक राहतं तिथेच. भोकाची जागा महत्त्वाची, केगचा तळ गोलाईत जातो आणि सरळ भिंत जिथे सुरू होते त्याच्या थोडं वर पाडा. मला वाटलं जितकं खाली तितकं बरं, सगळं पाणी निघेल, म्हणून मी गोलाईवरच पाडलं, तिथे वायसर सपाट बसेना आणि थेंब थेंब गळत राहिलं, शेवटी जाड ओ-रिंग घालून जुळवलं. खालचं काढायला वॉल्व्हला आतून एक वळलेली नळी जोडतात जी तळापर्यंत जाते, तिचे सांधे हवाबंद असतील तर वॉल्व्हच्या पातळीखालचं पण ती ओढून घेते, सायफनसारखं. नळीचं तोंड अगदी मध्यावर नको, उकळून झाल्यावर पळीने गोल ढवळलं की सगळा गाळ मध्यावर येऊन बसतो.

वॉल्व्ह घेताना तीन तुकड्यांचा, उघडून धुता येणारा बॉल वॉल्व्ह घ्या. साध्या बॉल वॉल्व्हमध्ये गोळ्याच्या मागे वर्ट (माल्टचं गोड पाणी) अडकून राहतो आणि तिथे काय काय वाढतं ते एकदा उघडून पाहिलं की जेवण जात नाही. आणि आटे एकाच जातीचे घ्या, अर्ध्या इंचात बीएसपी आणि एनपीटी या आट्यांच्या दोन जाती, दोन्हीत इंचाला १४ आटे असतात म्हणून एकमेकांत फिरतात पण, पण आट्यांचा कोन वेगळा, कितीही टेफ्लॉन गुंडाळा, गळतंच.

गरम करताना ५० लिटरच्या केगात ४० च्या वर भरू नका. पहिली उकळी येताना फेस असा उसळतो की दोन सेकंदांत शेगडी विझते. गॅसच्या मोठ्या बर्नरवर ठेवणार असाल तर खालच्या कड्यात ज्वाला कोंडते आणि बाजूने वर येऊन वॉल्व्हच्या हँडलचं प्लास्टिक वितळवते, मध्ये पत्र्याचा आडोसा लावा. आणि बंद जागेत, गॅरेजमध्ये दार लावून वगैरे बर्नर पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. विजेचा एलिमेंट बसवायचा तर हिशोब असा, ४० लिटर पाणी २० डिग्रीवरून १०० वर न्यायला ३.७ युनिट वीज लागते, म्हणजे साडेतीन किलोवॅटचा एलिमेंट तासाभरापेक्षा जास्त घेणार. अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा लीकेज ब्रेकर नसेल तर विजेच्या नादाला लागूच नका. भरलेला केग उचलायचा नाही हे वेगळं सांगायला नको, पन्नास किलोच्या वर जातो, तोही उकळता. स्टँड त्या हिशोबाने पक्का करा.

मॅशसाठी दुसरा केग का नको म्हणतोय? कारण उघडा स्टीलचा केग उष्णता धरून ठेवत नाही. मॅश ६५ ते ६८ डिग्रीवर तासभर ठेवायचा असतो आणि तो केगात उतरत जातो, मग परत आच द्या, मग तळाला लागतं, मग जाळी, मग पंप. त्यापेक्षा त्याच कापलेल्या केगात बारीक जाळीची पिशवी टाका, ७ किलो माल्ट आणि ३२ लिटर पाणी आरामात मावतं, बाहेरून जुनी रजई गुंडाळा (ज्वाला बंद करून हो), तासाने पिशवी वर उचलून निथळा आणि तिथेच उकळा. एकच भांडं धुवायचं. ओली पिशवी दहा-बारा किलोची होते तेव्हा वर कप्पी लावा, आणि ती ३० सेंटिमीटरच्या तोंडातून घासत वर येते म्हणून तर कड गुळगुळीत करा म्हणालो.

मग दुसरा केग फर्मेंटर, म्हणजे बीअर आंबवायचं भांडं. न कापलेला. बऱ्याच केगचं तोंड २ इंची ट्राय-क्लॅम्पला (पाइप जोडायच्या गोल पकडीला) थेट बसतं, तुमचं बसतंय का बघा, तर वर एक टोपी, त्यात वायू बाहेर जायची नळी आणि दाब सोडणारा सेफ्टी वॉल्व्ह लावला की झालं. जाड स्टील, उजेड आत जात नाही, हवा शिरत नाही, प्लास्टिकसारखे चरे पडत नाहीत, आणि दाबाखाली आंबवता येतं जे कापलेल्या केगात जन्मात जमणार नाही. अडचण एकच, हात आत जात नाही. कोमट-गरम पाण्यात सोडियम परकार्बोनेट घालून रात्रभर भरून ठेवा, सकाळी पालथा घालून धुवा, टॉर्च टाकून आत बघा, कडेला तपकिरी वलय दिसलं तर परत. आत ३८-४० लिटरच भरा, यीस्टच्या फेसाला जागा लागते. सेफ्टी वॉल्व्हशिवाय मात्र कधीही घट्ट बंद करून ठेवू नका, न वापरतानाही.

सगळं जोडून झालं की एक दिवस नुसतं पाणी भरून रात्रभर ठेवा आणि खाली कोरडा कागद अंथरा, मग तेच पाणी उकळवून परत बघा, कारण गार असताना न गळणारा सांधा तापला की गळतो. पाणी भरताना एक काम आटपून घ्या, मोजून पाच-पाच लिटर ओता आणि प्रत्येक वेळी स्टीलच्या पट्टीवर खूण करा, हीच तुमची मोजपट्टी. वर सरळ भिंतीत एका सेंटिमीटरला साधारण १.२ लिटर पडेल, पण पहिल्या पाच लिटरची खूण जरा लांब येईल कारण तळ गोल आहे. मोजण्यात चूक झाली असं वाटून सगळं पाणी ओतून परत सुरुवात करू नका, मी दोनदा केली होती.