तुमचं घर, तुमचे प्रश्न: किचनच्या जुन्या शटरवर टेक्श्चर

मागच्या अंकात हॉलच्या भिंतीवरच्या टेक्श्चरबद्दल लिहिलं, तेव्हापासून एकच विचारणा सारखी येतेय, की हेच किचनच्या शटरवर करता येतं का. म्हणून या वेळी फक्त किचन. पहिलं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्यांचंही निम्मं काम त्यातच आहे, तेव्हा आपलं पत्र खाली असलं तरी वरनं वाचत या.

ताई नमस्कार, आमचं किचन बारा वर्षांपूर्वीचं आहे, प्लायवर चॉकलेटी सनमायका. हँडलजवळ सगळं पांढरट पडलंय, गॅसच्या बाजूची शटर कितीही पुसली तरी हाताला चिकट लागतात. प्लाय आतून ठणठणीत आहे त्यामुळे सगळं काढून नवीन करायला घरात कोणी तयार नाही, आणि मलाही ते पटत नाही. मोबाईलवर एक बाई भिंतीची पुट्टी शटरवर लावून कंगव्यानं रेघा ओढत होत्या, वर रंग, लई भारी दिसत होतं. तसं करू का? आमच्यात आठवड्यातनं दोनदा तरी रस्सा असतो, फोडणीचा धूर भरपूर. — राजारामपुरी, कोल्हापूर

प्लाय चांगला आहे म्हणताय ना, मग अजिबात काढू नका, चांगल्या प्लायचा बॉक्स भंगारात गेलेला बघितला की मला खरंच वाईट वाटतं. पण भिंतीची पुट्टी शटरवर नको. ती पांढऱ्या सिमेंटची असते, भिंतीला घट्ट धरते कारण भिंत हलत नाही आणि पाणी शोषते, शटर मात्र दिवसातनं पन्नास वेळा आपटतं आणि सनमायका पाण्याचा थेंबही आत घेत नाही. सनमायका म्हणजे कागदाचे थर राळेत भिजवून गरम प्रेसमध्ये दाबलेले, सगळ्यात वरचा थर मेलामाईनचा, काचेसारखा कडक आणि गुळगुळीत. त्यावर सिमेंटची पुट्टी वाळली की पापडासारखी सुटते.

मग काय करायचं? आधी स्वच्छता, आणि इथंच बहुतेकांचं काम बिघडतं. लिक्विड सोपनं वरचा चिकटपणा जातो पण खालचा जुना, पिवळा, गोंदासारखा झालेला तेलाचा थर तसाच राहतो. शटर बिजागरीतनं काढा, प्रत्येकाच्या आत बिजागरीची वाटी बसते त्या खड्ड्यात पेन्सिलीनं नंबर टाका (बाहेरच्या बाजूला टाकलेला नंबर रंगाखाली जातो आणि मग कुठलं शटर कुठलं ते जुळवण्यात अख्खा दिवस जातो), आणि लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा टाकून, हातमोजे घालून धुवा. अॅल्युमिनियमची हँडल, प्रोफाईल आधी काढा, सोड्यानं अॅल्युमिनियम काळवंडतं. नंतर साध्या पाण्यानं दोनदा पुसा, सोडा राहिला तरी प्राइमर धरत नाही. सनमायकाच्या कडा कुठं सुटल्या असतील तर पाणी आत जाऊ देऊ नका, आणि वाळल्यावर तिथं डिंक भरून क्लॅम्पमध्ये दाबून ठेवा.

वाळल्यावर १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. वरची चमक घालवायची एवढंच, सनमायका घासून काढायचा नाही, डिझाइनचा थर फार पातळ असतो. धूळ ओल्या फडक्यानं पुसून सनमायकावर, काचेवर चिकटेल असं ज्याच्या डब्यावर लिहिलंय तो बाँडिंग प्राइमर लावा, लाकडाचा साधा प्राइमर इथं चालत नाही. लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात ‘लाकडाला’ म्हणून मागितलात तर साधाच हातात देतील, तेव्हा ‘सनमायकावर मारायचाय’ असं स्पष्ट सांगा.

आणि पुढं जायच्या आधी एक टेस्ट करा, माझ्यासाठी तरी कराच. एका शटरच्या आतल्या बाजूला हेच सगळं करा, दोन दिवस वाळू द्या, ब्लेडनं बारीक जाळी कापा, चौकटी दोन-दोन मिलिमीटरच्या, त्यावर सेलोटेप दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. टेपला रंगाचे चौकोन चिकटून आले तर एकतर तेल राहिलंय नाहीतर प्राइमर चुकलाय, आणि हे आत्ता कळलेलं बरं, चौदा शटर रंगवून झाल्यावर नको.

आता टेक्श्चर. माझ्या स्वतःच्या किचनमध्ये मी पहिल्यांदा केलं तेव्हा सगळ्या शटरना सारखंच जाड टेक्श्चर दिलं, अगदी गॅसशेजारच्यांनासुद्धा, कारण एकसारखं दिसावं. दीड वर्षात त्या खाचांत तेल आणि हळद अशी बसली की दात घासायच्या ब्रशनं घासूनही जाईना, शेवटी ती दोन शटर घासून सपाट करावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी विचारते, तुमच्या फोडणीचा धूर कुठं जातो? तो जिथं जातो, म्हणजे गॅसच्या दोन्ही बाजूंना हातभर आणि वर चिमणीच्या शेजारी, तिथं पृष्ठभाग सपाटच हवा. हाताला लागणारं खडबडीत टेक्श्चर लांबच्या शटरना, फ्रीजशेजारच्या उभ्या पॅनलला, नाहीतर वरच्या लॉफ्टच्या शटरना द्या. तुमच्याकडं रस्सा आठवड्यातनं दोनदा, मग हा नियम तुम्ही तर पाळाच.

पण डोळ्याला खडबडीत आणि हाताला जवळपास सपाट असंही करता येतं, आणि मला तेच जास्त आवडतं. खाली फिक्या रंगाचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या. मग गडद रंग एक भाग आणि पाण्यातलं पारदर्शक ग्लेझ तीन-चार भाग असं कालवून पातळ हात मारा आणि ओलं असतानाच त्यातनं कंगवा ओढा. कंगवा विकत घ्यायला नको, जाड पुठ्ठ्याला किंवा जुन्या रबरी चपलेच्या तुकड्याला कात्रीनं दात पाडा, दात एकसारखे नसतील तर आणखी छान, लाकडाच्या रेषांसारखं उमटतं. एका वेळी एकच शटर, वरून खाली एका दमात, मध्ये थांबलात की तिथं पट्टा दिसतो. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडं ग्लेझ दोन-चार मिनिटांत सुकून चिकट व्हायला लागतं, म्हणून सकाळी लवकर बसा. फडकं चुरगाळून टिपलं तर चामड्यासारखं दिसतं, तेही गडद विटकरी रंगात फार सुंदर येतं. मी एकदा कोल्हापुरी चपलेच्या वेणीवरून स्टेन्सिल कापून लॉफ्टच्या शटरवर पट्टी काढली होती, अजून तशीच आहे. स्टेन्सिलला ब्रशवर रंग जवळपास नसल्यासारखा घ्या, कागदावर टिपून मगच लावा, नाहीतर कडेखाली पसरतो.

खरंखुरं उठावाचं टेक्श्चर हवंच असेल तर अॅक्रिलिक टेक्श्चर पेस्ट किंवा लाकडाची अॅक्रिलिक लांबी (म्हणजे लाकडाची पुट्टी) घ्या, प्राइमरच्या वर, एक मिलिमीटरपेक्षा जाड नको. कडांना अजिबात लावू नका, दोन शटरमधली फट एवढीशीच असते, जाडी वाढली की शटर एकमेकांना घासून रंग उडतो.

वरून पाण्यातल्या पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर कोटचे, म्हणजे पारदर्शक संरक्षक थराचे, निदान दोन हात. तेलातलं वार्निश स्वस्त पडतं पण फिक्या रंगावर पिवळं होत जातं. हाताला वाळलं म्हणजे कडक झालं असं नसतं, पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे जातात, तोपर्यंत मऊ ओलं फडकं चालेल, तारेचा काथ्या किंवा घासणी नको.

आणि थिनरचा किंवा स्पिरीटचा कुठलाही डबा उघडायच्या आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, आणि देवघर किचनमध्येच असेल तर तेवढे दिवस देव दुसऱ्या खोलीत ठेवून तिथं दिवा लावा. हे सगळे विसरतात.

आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघरात भिंतीतलं सागवानी कपाट आहे, आजोबांच्या वेळचं. त्यावर ऑइल पेंटचे चार-पाच थर आहेत, निळा, हिरवा, क्रीम. मला ते मशीननं असं घासायचंय की खालचे रंग मधून मधून दिसतील, जुना लूक येईल. मुलगी तीन वर्षांची आहे म्हणून रंग बिनवासाचा वापरणार आहे. कुठल्या नंबरचा पेपर घेऊ? — मंगळवार पेठ

कोरडं घासायला पेपर घेऊच नका, मशीन तर नाहीच. तुम्ही नवीन रंगाच्या वासाची काळजी केलीत ती बरोबरच आहे, पण धोका जुन्या थरांत आहे. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांत शिसं दहा लाखांत ९० भागांच्या आतच हवं हा सरकारी नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे आजोबांच्या काळातल्या थरांत ते आहे असंच धरून चाला. कोरडं घासलं की ती धूळ घरभर बसते, मुलं जमिनीवर खेळतात, हात तोंडात घालतात, आणि लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा जो परिणाम होतो तो भरून येत नाही. ब्लो लॅम्पनं जाळून काढायला काही पेंटर तयार असतात, तेही नको, त्याची वाफ आणखी वाईट.

जुना रंग घट्ट बसलेला असेल, कुठं पोपडे नसतील, तर तो उघडा न पाडता ओल्या फडक्यानं पुसून, पाणी मारत हलकंसं ओलं घासून, वरून प्राइमर मारून झाकणं सगळ्यात सुरक्षित. पोपडे असतील तर पेंट रिमूव्हर लावून ओलंच खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरून, खरवड गोळा करून पिशवीत बांधून, आणि ते दोन-तीन दिवस मुलीला आजोळी पाठवा.

जुना लूक नव्या रंगातही मिळतो, तो असा. खाली निळा हात द्या, वाळला की साधी पांढरी मेणबत्ती कडांवर, कडीभोवती, जिथं हात लागून लागून रंग खरंच झिजला असता तिथंच घासा. वर क्रीम रंग द्या, वाळल्यावर जाड फडक्यानं चोळा, मेणावरचा रंग निघून खालचा निळा दिसतो. मेणाचे कण नीट पुसून मगच क्लिअर कोट, मेणावर तो धरत नाही. सगळीकडं सारखं झिजवू नका, ते लगेच खोटं दिसतं. साग पूर्ण उघडा करून तेल लावायचं ठरवलंत तर अळशीच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

२०२१ च्या पुरात आमच्या किचनमध्ये गुडघाभर पाणी होतं. वरची शटर नीट आहेत पण खालच्या पार्टिकल बोर्डच्या बॉक्सच्या कडा फुगून राहिल्यात. टेक्श्चर जाड दिलं तर फुगवटा झाकला जाईल का? — शाहूपुरी

नाही जाणार, आणि तुम्ही खर्च करायच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबलेला, एकदा पाणी प्यायला की चुरा फुगतो आणि मधली पकड सुटते, वाळला तरी तो परत बसत नाही. स्क्रू तिथं धरत नाही, मग बिजागरीच निखळणार, वर टेक्श्चर कितीही सुंदर असू दे.

वरची शटर ठेवा, त्यांना पहिल्या उत्तरातलं सगळं करा. खालचं काढा. पंचगंगेचं पाणी २०१९ लाही आलं, २०२१ लाही आलं, ते परत येणार नाही असं धरून तुमच्या भागात तळाला लाकूड लावणं मला पटत नाही. ओट्याखाली आपल्याकडं पूर्वीपासून कडाप्प्याचे खण करतात, ते पुरात धुऊन परत वापरता येतात, त्याला अॅल्युमिनियमच्या फ्रेमची शटर लावा. प्लायच हवा असेल तर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघूनच घ्या, कापलेल्या प्रत्येक कडेला सीलर द्या, आणि बॉक्स पायांवर उचलून ठेवा. शिक्का असला तरी पुरात दिवसदिवस बुडून राहायला तो नाही, एवढं लक्षात असू द्या.

दोन रंगांचं तडकलेलं फिनिश घरी करता येतं का? दोनदा केलं, तडे पडतच नाहीत. — ताराबाई पार्क

वरचा रंग तेलातला वापरला असणार. खालचा रंग वाळला की पांढऱ्या डिंकाचा हात द्या, तो बोटाला चिकचिकीत लागतोय तोवरच वरून पाण्यातला रंग, एकाच दिशेनं, आणि एकदा फिरवलेला ब्रश परत त्याच जागी फिरवायचा नाही. डिंक जाड दिला तर तडे मोठे, पातळ दिला तर बारीक. वाळल्यावर क्लिअर कोट हवाच, नाहीतर ओल्या फडक्यानं तड्यांच्या कडा निघून येतात. सिंकच्या खालच्या शटरवर मात्र करू नका.

श्रावणात पेंटरनं शटरवर स्टेन्सिल करून वर लॅकर मारलं, दुसऱ्या दिवशी सगळ्यावर दुधासारखी साय आलीय. पेंटर म्हणतोय माल खराब होता. नवीन शटर करायची का? — कसबा बावडा

नको, शटर चांगली आहेत आणि मालही बहुतेक चांगलाच असेल. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेत ओल भरपूर असली की ती त्यावर बसते आणि लॅकरमध्ये अडकून पांढरी दिसते. पंख्याखाली वाळवलं असेल तर आणखीच.

आत्ता काही करू नका. चार-सहा कडक उन्हाचे दिवस सलग मिळाले की पेंटरला त्याच कंपनीचा रिटार्डर थिनर (सावकाश उडणारा थिनर) अगदी हलका स्प्रे करायला सांगा, बऱ्याचदा लॅकर परत मऊ होऊन ओल निघून जाते. पण आधी एका शटरच्या कोपऱ्यावर बघा, स्टेन्सिलचा रंग त्यानं विरघळत तर नाही ना. विरघळत असेल तर ४०० नंबरच्या पेपरनं साय हलकीशी काढून पाण्यातला क्लिअर कोट द्या. हे सगळं दसऱ्यानंतर केलं तरी काही बिघडत नाही, तोपर्यंत शटर लावून वापरत राहा.