पाठीमागच्या सीटवरचा माणूस

चि. भावा,

अनेक आशीर्वाद.

तुझा बॅज आला, परमिटचंही काम झालं, असं काल तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. गाडी कशी सजवायची, मागं काय लिहायचं हे तुझं तू ठरव, त्यातलं तुला जास्त कळतं. मी कोल्हापुरात 32 वर्षं रिक्षा चालवली. त्यातलं एकच तुला सांगायचं राहिलंय.

आपल्या गाडीत ओळखीचं माणूस क्वचित बसतं. अंबाबाईला आलेले भाविक, माघातल्या रविवारी जोतिबाच्या खेट्याला निघालेली मंडळी, गगनबावड्याकडून पहिल्या एसटीनं दवाखान्याला आलेला एखादा. आपल्या गावात पारावर बसून चारचौघांना सल्ला देणारा माणूस इथं स्टँडबाहेर उभा राहिला की त्याचा आवाज खाली येतो. परगावात माणूस निम्मा होतो. तो आपल्याशी बोलतो तेव्हा त्याला आणखी लहान करायचं नाही, एवढंच बघ.

मी ते केलंय. धंद्यात नवीन होतो. पावसाळ्याची रात्र, नंबर लावून उभा, मनात लांबचं भाडं. डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला एक म्हातारा आला. हातात डबा. ‘दवाखाना कुठं आला, बाबा?’ जवळचं भाडं घेतलं तर नंबर गेला असता. मी त्याच्याकडं न बघताच ‘सरळ जा’ म्हणालो. तो सरळच गेला. पुढं वळायचं कुठं, ते मी सांगितलंच नव्हतं. तासाभरानं भाडं सोडून परतताना तो मला भलत्याच रस्त्याला दिसला, बंद दुकानाच्या पायरीवर, डबा मांडीवर धरून. मी त्याला गाडीत घेतलं. वाटेत म्हणाला, ‘तुम्ही सांगितलं होतं. माझंच चुकलं.’ त्यानं मला ओळखलं होतं, आणि चूक स्वतःवर घेतली होती. डबा लेकीसाठी होता. आजही जोराचा पाऊस लागला की मला ती पायरी दिसते.

म्हणून सांगतो, पत्ता विचारला की पुरा सांग. कुठं वळायचं, कोपऱ्यावर काय आहे, रात्री कुठलं फाटक उघडं असतं. ‘दवाखाना कुठं’ विचारणाऱ्याला खरं तर ‘मला या वेळी आत सोडतील का’ हे विचारायचं असतं, तेही सांग. बाईमाणूस रात्री एकटं असेल तर दार उघडून ती आत जाईपर्यंत हेडलाइट चालू ठेव. विजापूर-बेळगावकडची माणसं रोज येतात, त्यांच्यापुरतं चार शब्द कन्नड शीक. नुसतं ‘बर्री’, म्हणजे ‘या’, म्हटलंस तरी त्यांचे चेहरे सुटतात.

आणि देण्याइतकंच घेणंही शीक. भाऊसिंगजी रोडवर शाहू महाराजांनी गंगाराम कांबळेंना चहाचं हॉटेल घालून दिलं, हे तू शाळेत ऐकलं असशील. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा तेव्हा कोण पिणार? महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून प्यायचे, सोबतच्यांनाही पाजायचे. मला वाटतं, पैसे देऊन ते गप्प बसले असते तर गंगाराम फक्त उपकाराखाली राहिले असते. महाराजांनी त्यांच्या हातून घेतलं, तिथं गोष्ट फिरली.

हे मला नीट कळलं ते 2019 च्या ऑगस्टमध्ये. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट म्हणजे धोक्याची पातळी, पंचगंगा तेव्हा त्याच्या कितीतरी वर गेली होती. शिरोलीजवळ पाणी येऊन हायवे बंद, उजळाईवाडीच्या पुढं ट्रकांची रांग. आमच्या गल्लीनं भाकरी-पिठलं बांधलं आणि मी रिक्षातून नेत होतो. पंजाबकडचा एक ड्रायव्हर पुडकं घेईना. मला हातानंच थांब म्हणाला, केबिनमधला स्टोव्ह पेटवला, होतं नव्हतं तेवढ्या दुधाचा चहा केला. मी ग्लास तोंडाला लावला तेव्हा कुठं त्यानं भाकरी हातात घेतली. माझ्या पुढं अजून वीस-पंचवीस पुडकी वाटायची होती, तरी मी तिथं बसून तो चहा संपवला. घाई केली असती तर त्याच्या हातात नुसती भीक पडली असती.

रविवारी सकाळी गाडी घेऊन घरी ये. मला गंगावेशीला दूध प्यायला जायचंय. मीटर पाडायचा. भाडं होईल ते मी देणार, आणि तू ते घ्यायचंस.

तुझा,
काका