२ मीटरचा लॅनयार्ड आणि खालचे ४.५ मीटर

नमस्कार. तुम्ही नवीन सुपरवायझर आहात. जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे काढून नवीन पत्रे टाकायचं काम अंगावर आलंय, आणि अर्ध्या शेडमध्ये पत्र्याखाली ४.५ मीटरवर मेझनाइन, म्हणजे मधला माळा आहे. मागच्या आठवड्यात एक जण घसरला, लॅनयार्डवर, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांपासून हुकापर्यंतच्या दोरीवर लटकला आणि सुखरूप खाली आला. तुम्ही विचारलंय की तोच लॅनयार्ड परत वापरला तर चालेल का, कारण दिसायला तो ठीक आहे. शिवाय सिंगल (एका हुकाचा) घ्यावा की डबल (दोन हुकांचा), धुवायचा कसा, आणि किती वर्षं चालतो.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो: नाही, अजिबात नाही. तो लॅनयार्ड आणि त्याच्यासोबतचा हार्नेस (अंगावर घालायचे पट्टे) दोन्ही आजच बाजूला काढा. बाकीचं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नात जे विचारलेलंच नाही त्याची मला जास्त काळजी वाटली. माणसाने हुक कुठे लावला होता, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

साइटवर आपण सगळ्यालाच 'बेल्ट' म्हणतो आणि 'बेल्ट लावलाय ना?' एवढं विचारून पुढे जातो. पण लॅनयार्ड तुम्हाला पडण्यापासून अडवत नाही. पडणं होतंच, तो फक्त ते मध्येच थांबवतो. किती पडल्यावर थांबवतो आणि तोवर खाली जागा उरते का, हे हुकाच्या जागेवर ठरतं.

तुमच्याच शेडचा हिशोब करू. माणूस पत्र्यावर उभा आहे आणि हुक पायाजवळच्या पर्लिनला (पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या पट्टीला) लावलाय. हार्नेसची पाठीवरची कडी, म्हणजे डी-रिंग, पायापासून साधारण १.५ मीटर वर असते. पत्रा फुटला की डी-रिंग आधी हे १.५ मीटर खाली येते, मग लॅनयार्डचे २ मीटर संपतात, म्हणजे ३.५ मीटर मोकळं पडणं झालं. त्यानंतर शॉक ॲब्सॉर्बरचे, म्हणजे लॅनयार्डमधल्या घडी घालून शिवलेल्या पट्टीचे टाके उसवायला लागतात. युरोपच्या ईएन ३५५ मानकाप्रमाणे तो १.७५ मीटरपर्यंत लांबू शकतो. आता हुकापासून खाली मोजा: लॅनयार्ड २, ॲब्सॉर्बर १.७५, डी-रिंगखालचं शरीर १.५. झाले ५.२५ मीटर, आणि वर १ मीटर राखीव धरायचा असतो. म्हणजे ६.२५ मीटर मोकळी जागा हवी आणि तुमचं मेझनाइन आहे ४.५ वर. हुक लावलेला, बेल्ट नवा, परमिटवर सही झालेली, आणि माणूस तरीही मेझनाइनवर आपटणार.

हाच हुक पायापासून २ मीटर वर असलेल्या लाइफलाइनला (हुक लावायला ताणलेल्या दोराला) असेल तर मोकळं पडणं १.५ मीटरवर येतं, ॲब्सॉर्बरही पूर्ण उसवत नाही. म्हणून हुक नेहमी डोक्याच्या वर, ते जमत नसेल तर निदान खांद्याच्या उंचीला. पायाजवळ हुक म्हणजे अगदी नाइलाज झाला तरच, आणि खाली जागा मोजल्याशिवाय नाहीच. हुकाची जागा माणसाच्या शक्यतो सरळ वरच असावी. बाजूला लांब असेल तर पडलेला माणूस झोका घेऊन खांबावर किंवा कैचीवर (छत पेलणाऱ्या सांगाड्यावर) जाऊन धडकतो.

पत्र्याच्या कामात डोक्यावर काहीच नसतं, हे मला माहीत आहे. म्हणून मेझनाइनवरच्या भागासाठी माझं मत स्पष्ट आहे: तिथे वरून काम करूच नका. मेझनाइनची भार घेण्याची क्षमता तपासा, त्यावर परांची उभी करा आणि पत्रे खालून सोडवा. उरलेल्या भागात कैच्यांच्या खाली सेफ्टी नेट आणि पत्र्यावर चालायला क्रॉल बोर्ड, म्हणजे भार पर्लिनवर टेकेल अशी शिडी-फळी. लॅनयार्ड त्याच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नव्हे. आणि उजेडासाठी टाकलेले पारदर्शक पत्रे कुठे आहेत ते खाली उभं राहून, दिवे बंद करून, आधी बघून ठेवा. वरून त्यांच्यावर इतकी धूळ बसलेली असते की ते सिमेंटच्या पत्र्यासारखेच दिसतात, आणि पाय पडला की खचतात.

आता ॲब्सॉर्बर का लागतो, ते तुमच्या माणसांना असं सांगा. अवजारांसकट १०० किलोचा माणूस २ मीटर पडला आणि साध्या दोरीने त्याला १० सेंटीमीटरमध्ये थांबवलं, तर अंगावर सरासरी २ टनांवर ओढ येते. तोच माणूस ॲब्सॉर्बरने १ मीटरमध्ये थांबवला तर ती ३०० किलोच्या आसपास राहते. मानकातली वरची मर्यादा ६ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ६०० किलो आहे. कंबरपट्ट्याला दोरी बांधून काम करायची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. त्यात ही सगळी ओढ पोटावर आणि कण्यावर येते. अमेरिकेत पडणं थांबवण्यासाठी कंबरपट्टा वापरायला १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. फुल बॉडी हार्नेसच घ्या, त्यावर आयएस ३५२१ चा शिक्का बघा, आणि लॅनयार्ड पाठीच्या डी-रिंगलाच जोडा. कंबरेच्या बाजूच्या रिंगा पोलवर टेकून काम करण्यासाठी असतात, पडणं झेलण्यासाठी नसतात.

सिंगल की डबल? डबलच घ्या. जिथे माणूस सरकत काम करतो तिथे सिंगल म्हणजे प्रत्येक वेळी हुक काढताना दोन सेकंद कसलाच आधार नाही. डबलमध्ये एक हुक पुढे लावायचा आणि मगच दुसरा सोडायचा. यात एक चूक मात्र चांगले अनुभवी लोकही करतात: मोकळा हुक लोंबू नये म्हणून तो कंबरेच्या रिंगला अडकवतात. लॅनयार्डच्या दोन्ही फांद्या (हुकांच्या दोऱ्या) एकाच ॲब्सॉर्बरला जोडलेल्या असतात. मोकळी फांदी थेट हार्नेसला अडकवली की ॲब्सॉर्बरला वळसा घालून दुसरा रस्ता तयार होतो, आणि तो पूर्ण उसवायच्या आधीच ती फांदी ताणली जाते. मोकळ्या हुकासाठी हार्नेसवर छातीशी वेगळा फास असतो, ओढ आली की तो सुटतो. नसेल तर तसा हार्नेस मागवा.

हुकाचं तोंडही बघून घ्या. परांचीचा पाइप बाहेरून ४८.३ मिलिमीटर असतो. लहान हुक त्यावर बसत नाही, मग माणूस दोरी पाइपभोवती गुंडाळून हुक दोरीलाच लावतो. त्यात हुकाच्या फाटकावर (उघडझाप करणाऱ्या दांडीवर) आडवी ओढ येते, दोरी स्वतःवरच घासते आणि लॅनयार्ड त्यासाठी बनवलेलाच नसतो. परांचीसाठी ५० मिलिमीटरच्या वर उघडणारे, दोन हालचालींनी उघडणारे मोठे हुक घ्या. लांबी कमी करायला गाठ मारू देऊ नका, गाठीने दोरीची तिसरा हिस्सा ते निम्मी ताकद जाते. लांबी वाढवायला दोन लॅनयार्ड एकमेकांना जोडणं तर त्याहून वाईट, मोकळं पडणं थेट वाढतं.

तपासणी रोज सकाळी, ज्याचा त्याने, टूलबॉक्स टॉकच्या (कामाआधीच्या सुरक्षेच्या बोलण्याच्या) वेळी तुमच्या समोर करायची. नुसतं बघून कळत नाही. पट्टा दोन्ही हातांत धरून उलट्या 'यू'सारखा वाकवायचा आणि इंच इंच पुढे सरकवायचा, मग तुटलेले धागे वर उभे राहतात. अंगठा फिरवत जा. वेल्डिंगची ठिणगी पडलेली जागा टाचणीच्या डोक्याएवढीच असते, डोळ्याला चुकते, पण बोटाला कडक, काचेसारखी लागते. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं, नायलॉन २२० च्या पुढे. ठिणगीपुढे दोन्ही सारखेच, म्हणून वेल्डरला पोलादी वायरचा किंवा ॲरॅमिडचा (उष्णता सोसणाऱ्या धाग्याचा) लॅनयार्ड द्या, अर्थात ॲब्सॉर्बरसकट. मग हुकाचं फाटक: सोडलं की आपोआप बंद होऊन लॉक झालंच पाहिजे. बोटाने ढकलून बंद करावं लागलं तर तो हुक बाद. शेवटी ॲब्सॉर्बरचं कव्हर. फाटलेलं, फुगलेलं, आतली घडी डोकावतेय, टॅग वाचता येत नाही, यातलं काहीही दिसलं तर बाद. याशिवाय जाणकार माणसाकडून निदान सहा महिन्यांनी तपासणी आणि प्रत्येक नगाची नोंद.

धुवायचं तर कोमट पाणी आणि साधा साबण. ब्लीच नाही, वॉशिंग सोडा नाही, ब्रश घासणं नाही. सावलीत टांगून वाळवा, उन्हात नको. ओल्या सिमेंटचा गिलावा लागला तर त्याच दिवशी धुवा, कारण सिमेंट अल्कली आहे आणि पॉलिएस्टरला अल्कली सोसत नाही. नायलॉनला ॲसिड चालत नाही, म्हणून बॅटरी रूमच्या आसपास सांभाळा. रंग उडाला तर थिनरने पुसू नका, आणि पट्ट्यावर मार्करने नंबरही घालू नका, टॅगवर घाला. स्टोअरमध्ये खिळ्यावर अडकवून ठेवा, रंगाच्या डब्यांपासून लांब.

किती वर्षं? बऱ्याच कंपन्या ५ ते १० वर्षांची कमाल मुदत देतात. पण पत्र्याच्या कडा आणि आपलं ऊन सोसून माझ्या हाताखालचा लॅनयार्ड क्वचितच अडीच वर्षं टिकलाय.

घसरलेल्या माणसाच्या लॅनयार्डकडे परत येतो. ॲब्सॉर्बर एकदाच काम करतो. टाके थोडे जरी उसवले तरी पुढच्या वेळी तेवढी लांबी कमी पडते आणि ते बाहेरून दिसत नाही. माझ्या एका साइटवर मी असाच उसवलेला लॅनयार्ड भंगाराच्या ढिगात टाकला. तीन आठवड्यांनी तोच एका रंगारी पोराच्या पाठीवर दिसला. लोंबणारी पट्टी नीट घडी घालून वर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. त्याला वाटलं होतं, चांगली वस्तू वाया चाललीय. चूक त्याची नव्हती, माझी होती. तेव्हापासून मी बाद माल कात्रीने तुकडे करूनच टाकतो. तुमचाही कापाच, फक्त आधी फोटो काढा आणि अपघाताच्या नोंदीला जोडा.

आणि एक गोष्ट कुणीच आधी ठरवत नाही: लटकलेल्या माणसाला खाली कोण आणि कसं आणणार. हार्नेसमध्ये निश्चल लटकलं की पायांत रक्त साचतं, काही मिनिटांतच चक्कर येऊ लागते, आणि पुढे जिवावर बेततं. हार्नेसला पाय ठेवायचा फास घेऊन ठेवा, म्हणजे त्यात उभं राहून त्याला पाय हलवत ठेवता येतील. सुटकेची शिडी किंवा लिफ्ट काम सुरू व्हायच्या आधी जागेवर हवी. फायर ब्रिगेड येईपर्यंत थांबू, हा बेत नव्हे.

उद्या सकाळी त्या घसरलेल्या माणसाला वेगळं बोलवा, चहा द्या, ओरडू नका. त्याला पत्र्यावर नेऊ नका, खालूनच बोटाने दाखवायला सांगा की हुक कुठे होता. तिथून खाली टेप लावून मोजा आणि तो आकडा इथे लिहा, मग पुढचं बघू.