नागपूर–कल्याण: तिकिटावरचा दीड तास आणि खरा प्रवास

तुमचा प्रश्न असा की नागपूर–मुंबई विमान दीड तास दाखवतं, मग ७४ वर्षांच्या सासऱ्यांना कल्याणला आणायला विमानच बरं ना? मी नागपूरचा, राहायला डोंबिवलीत. ही ये-जा वीसेक वर्षं चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण ६८० किमी. जेट विमान वर गेलं की ताशी ८०० च्या पुढे पळतं, म्हणजे हिशेबाने पाऊण तासाचंच काम. मग दीड तास कसा? तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि मुंबईत जागेवर लागलं की संपते. मधे धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं, उतरणं, सगळं त्यात धरलेलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमानं वरच घिरट्या घालतात. एकदा मी अर्धा तास तसाच ढगांत फिरलोय, खाली घरी वरण-भात निवत होता.

हिवाळ्यात आणखी एक गंमत. उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात, त्यामुळे नागपूरला जाताना विमानाला रेटा मिळतो आणि मुंबईकडे येताना तेच वारे अंगावर येतात. पण एवढ्याशा अंतरात फरक काही मिनिटांचाच, तो मनावर घेऊ नका.

आता घरापासून घरापर्यंत मोजा. सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, दीड-दोन तास आधी, विमानाचा दीड तास, मग बॅगा, आणि संध्याकाळी उतरलात तर कल्याणपर्यंत टॅक्सीत आणखी दोन तास. झाले सहा-सात तास. आता नवी मुंबईचंही विमानतळ सुरू झालंय, तेव्हा तिकिटावर नेमकं कुठलं लिहिलंय ते बघूनच घ्यायला जा.

रस्त्याने यायचं तर समृद्धी महामार्ग नागपूरहून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किमी. तुमच्या दृष्टीने शेवट सोयीचा, पण आठ तास गाडीत बसणं त्या वयात नको.

मी असतो तर विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढलं असतं. रेल्वेने सीएसएमटीपर्यंत ८३७ किमी, कल्याण त्याच्या ५३ किमी अलीकडे, आणि ती कल्याणला थांबते. रात्रभर झोप, पहाटे तुम्ही स्टेशनवर. फक्त एसीत खालचा बर्थ मिळायला हवा. तो नाही मिळाला तर मात्र विमान, पण सकाळचं, आणि तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. चालता येतं म्हणून सासरे नको म्हणतील, तरी मागाच. मुंबईत उतरल्यावर चालायला फार आहे.