शाब्दिक उदाहरणं: आधी शेवटचं वाक्य वाचा
अहो, मुलगी शाब्दिक उदाहरणांत अडते म्हणून टेन्शन घेऊ नका, बेरीज-वजाबाकी येतेय ना तिला, मग अडतंय ते वाचण्यात. सुरुवातीला दोनच गोष्टी करा:

१. आधी शेवटचं वाक्य वाचायचं, काय काढायचंय ते कळलं की मगच पहिल्यापासून.
२. चित्र काढायचं, साध्या दोन पट्ट्या पण चालतात.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे 'जास्त' शब्द दिसला की केली बेरीज. 'रवीकडे १२ गोट्या आहेत, मीनापेक्षा ५ जास्त, तर मीनाकडे किती?' यात बरीच पोरं १७ लिहून मोकळी होतात (मोठेही फसतात हां), पण पट्टी काढली की लगेच दिसतं रवीची लांब आहे, म्हणजे मीनाकडे ७. स्पीडचं नंतर बघू, आत्ता रोज ३ उदाहरणं बास.